हापसा बसवणं सोपं, वायसर मिळणं अवघड

मलावीवरचा माझा लेख छापून आल्यावर संपादकांकडे बरीच पत्रं आली. त्यांनी ती गठ्ठा बांधून मला पाठवली, सोबत चिठ्ठी : 'आता तुम्हीच निस्तरा.' ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी सोलापूर जिल्ह्यात हातपंप दुरुस्तीच्या पथकात होतो. पुढे २००३ ते २०१४ अशी अकरा वर्षं मलावीत, ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या कामावर. दोन-तीन पत्रांत मला 'आफ्रिकेचे अभ्यासक' म्हटलंय. तसं काही नाही. मी हापशाचा माणूस. आफ्रिकेतल्या पन्नासहून जास्त देशांपैकी एकच नीट पाहिला, आणि तोही बहुतेक वेळा पंपाच्या बाजूला उकिडवं बसून.

प्रश्न : मलावीतल्या हातपंपाचं मूळ सोलापूर-जालन्याकडे सापडतं, असं तुम्ही लिहिलंत. हा गावाचा अभिमान की खरंच तसं आहे? (एक वाचक, बार्शी)

बार्शीकरांनीच शंका घ्यावी म्हणजे कमाल आहे! खरंच तसं आहे.

साठच्या दशकाच्या शेवटी दुष्काळ पडले तेव्हा युनिसेफनं भारतात खडक फोडणारी बोअर मशीन आणली. आमच्या गावात असं मशीन १९७२च्या दुष्काळात आलं. मी शाळेत होतो, शाळा सोडून दिवसभर त्या धुरळ्यात उभा होतो. बोअर झाले, पण त्यांच्यावर बसवलेले पंप ओतीव लोखंडाचे, परदेशात एखाद्या कुटुंबानं परसात वापरायचे तसले. आपल्याकडे त्यावर अख्खं गाव तुटून पडायचं. सत्तरच्या दशकाच्या मध्याला पाहणी झाली तेव्हा चारातले तीन पंप बंद होते.

मात्र महाराष्ट्रात काही ठिकाणी पंप टिकत होते. जालन्यात मिशनच्या लोकांनी पोलादी पंप बनवला होता, त्याला जालना पंप म्हणत. त्याच वळणावर सोलापुरात आणखी दणकट पंप तयार झाला, तो सोलापूर पंप. तो घडवणारा मेकॅनिक कुठल्या कॉलेजात शिकलेला नव्हता, हातानंच शिकलेला होता. युनिसेफ आणि सरकारी यंत्रणांनी याच सोलापूर पंपाचा पाया धरला, कोइमतूरकडे चाचण्या घेतल्या, आणि त्यातून 'इंडिया मार्क टू' उभा राहिला. तुमच्या शाळेच्या आवारात जो हापसा असेल तो बहुधा हाच. पुढे तो आफ्रिकेतही गेला.

पण तिथे एक अडचण आली, आणि ती मला सोलापुरापासूनच ठाऊक होती. मार्क टूचा वायसर, म्हणजे पाणी वर ओढणाऱ्या दट्ट्यावरचा वॉशर, बदलायचा तर बोअरमधले सगळे लोखंडी पाइप उपसावे लागतात. आम्ही चार-पाच जण गाडी घेऊन जायचो, क्लॅम्प लावायचो, एकेक पाइप वर ओढायचो. पंचायत समितीला गाडी आहे, गाडीला डिझेल आहे, तोवर ठीक. मलावीत ना ती गाडी होती ना ते डिझेल. म्हणून ऐंशीच्या दशकात, संयुक्त राष्ट्रांनी पाण्याचं दशक (१९८१ ते १९९०) जाहीर केलं होतं त्या काळात, गावातल्या माणसाला स्वतः उघडता येईल असा पंप बनवायची खटपट सुरू झाली. मलावीत त्याचं पहिलं रूप झालं, त्याला माल्देव म्हणायचे. केनियात त्यावर पुढचं काम होऊन अफ्रिदेव झाला. याचे पाइप प्लॅस्टिकचे आणि ते बोअरमध्येच राहतात. आतले रॉड एकमेकांत आकड्यानं अडकवलेले असतात, ते हातानं वर येतात. एक पाना आणि तळाचा व्हॉल्व्ह पकडून वर काढायचा एक आकडा, एवढ्यावर दुरुस्ती होते. चिटेंजे (तिकडचं कमरेला गुंडाळायचं कापड) नेसलेल्या चार बायकांनी पाऊण तासात अख्खा पंप उघडून परत जोडलेला मी पाहिलाय. आमच्या पथकाला अर्धा दिवस लागायचा, वर चहा वेगळा.

आणि मलावीत आम्ही जे अफ्रिदेव बसवले ते बहुतेक भारतातल्या कारखान्यांतून आलेले. खोक्यावर 'मेड इन इंडिया' वाचून तिथला मेकॅनिक माझ्याकडे असा बघायचा की जणू तो मीच डोक्यावरून वाहून आणला.

प्रश्न : इतकी वर्षं मदत घेऊनही हा देश गरीबच का? लोक आळशी आहेत की सरकार भ्रष्ट? (एक विद्यार्थी, नाशिक)

तिसरा पर्यायच ठेवला नाहीस, बाबा.

नकाशा काढ. मलावी म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहून थोडा मोठा, उभा लांबुळका देश, आणि त्याचा पाचवा हिस्सा पाण्याखाली. पावणेसहाशे किलोमीटर लांबीचं सरोवर आहे, समुद्र मात्र नाही. माल आणायचा तर मोझांबिकच्या नकाला किंवा बैरा बंदरातून. मोझांबिकमध्ये १९७७ ते १९९२ यादवी युद्ध चाललं, रेल्वेमार्ग बंद पडले, आणि तिकडून दहा लाखांवर निर्वासित मलावीत आले. स्वतःची लोकसंख्या एक कोटीच्या आतबाहेर असताना! खताचं पोतं, डिझेल, आमच्या पंपाचे रॉड, सगळं ट्रकनं फिरून येतं, आणि भाडं मालाच्या उरावर बसतं. बाहेर विकायला मुख्य पीक एकच, तंबाखू. खायला मुख्य पीक एकच, मका. पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल, तोही एकदाच. पुढचा पाऊस येईपर्यंत कणगी पुरवायची. ती जानेवारीत संपते, नवा मका एप्रिलमध्ये येतो. मधले तीन महिने माणसं दुसऱ्याच्या शेतावर रोजंदारीला जातात. त्याला तिकडे 'गान्यू' म्हणतात. ऐन निंदणीच्या दिवसांत स्वतःचं शेत टाकून दुसऱ्याचं निंदायचं, म्हणजे पुढच्या साली कणगी आणखी लवकर संपणार. यात आळस कुठे बसतो ते मला सांग.

भ्रष्टाचार आहे, आणि मी तो झाकणार नाही. २०१३च्या सप्टेंबरात राजधानीत सरकारी तिजोरीतला घोटाळा फुटला. अर्थखात्याच्या बजेट संचालकावर गोळ्या झाडल्या गेल्या, कारकुनांच्या गाड्यांत नोटांची बंडलं सापडली. 'कॅशगेट' म्हणतात त्याला. त्याआधी देशाच्या अंदाजपत्रकातला जवळपास ४० टक्के पैसा बाहेरून यायचा. घोटाळ्यानंतर देणगीदारांनी सरकारच्या खात्यात थेट पैसे देणं थांबवलं. ते चूक होतं असं मी म्हणत नाही, चोराच्या हाती किल्ली कोण देईल? पण ज्यांनी बंडलं पळवली त्यांच्या घरचं पाणी तुटलं नाही. आमच्या जिल्हा पाणी कार्यालयाचा डिझेलचा पैसा तुटला. तिथला अधिकारी सायकलवर गावं फिरायला लागला, आणि पुढे पुढे फिरेनासा झाला.

आणखी एक गोष्ट तुझ्या अभ्यासाला उपयोगी पडेल. २००५ साली मका बुडाला, पन्नास लाखांच्या आसपास लोकांना धान्य पुरवायची वेळ आली. सरकारनं ठरवलं, खत आणि बियाणं स्वस्तात कूपनवर द्यायचं. बऱ्याच मोठ्या देणगीदारांनी नाकं मुरडली, बाजार बिघडेल म्हणाले. सरकारनं पहिल्या वर्षी स्वतःच्या पैशानं रेटलं. २००५ला जेमतेम १२ लाख टन मका झाला होता, २००७ला सरकारी आकडा ३० लाखांच्या वर गेला. आकडा थोडा फुगवलेला असेल, पाऊसही चांगला झाला होता, आणि कूपनांत गडबडी झाल्याच. पण त्या वर्षी फेब्रुवारीत गावात गेलो तर चुली पेटलेल्या होत्या, हे मी पाहिलंय. मग नाकं मुरडणारेच पैसे घेऊन रांगेत आले.

प्रश्न : एजन्सीत काम करणाऱ्यांचे पगार, पांढऱ्या गाड्या, बंगले हे ऐकून आहे. मदतीचा पैसा तिथेच जिरतो का? (एक वाचक, ठाणे)

बराचसा. आणि जिरवणाऱ्यांत मीही होतो.

राजधानी लिलाँग्वेत वस्त्यांना नावं नाहीत, आकडे आहेत. एरिया ३, एरिया ४७ असे. आकडा चढत्या क्रमानं येईल ही अपेक्षाही ठेवू नका. मी राहायचो त्या घराला भिंत, भिंतीवर काटेरी तार, दारात रात्रीचा राखणदार. सोलापुरात माझ्या घराच्या दाराला धड कडी नव्हती.

२०१२च्या मे महिन्यात क्वाचाचं, म्हणजे तिथल्या चलनाचं, अवमूल्यन झालं. एका दिवसात डॉलर १६७ क्वाचावरून २५० क्वाचावर. माझा पगार डॉलरमध्ये. म्हणजे मी काही न करता, झोपेतून उठलो तर स्थानिक हिशोबानं माझा पगार दीडपट. माझ्याबरोबर वीस पावलांवर काम करणारा मेकॅनिक, त्याचा पगार क्वाचामध्ये. त्याचं साबण, तेल, मिनीबसचं भाडं, सगळं महिन्याभरात वर गेलं. तो मला काही बोलला नाही. त्या महिन्यात मी त्याला डबा दिला, मुलाची फी भरली, आणि रात्री हिशोब केला तर तरीही मी फायद्यातच होतो.

भत्त्यांचं म्हणाल तर ते वेगळं प्रकरण. कार्यशाळा असली की सही करायची, जेवायचं, भत्ता घ्यायचा. एजन्सी जितक्या, तितक्या कार्यशाळा. एका जिल्ह्यात एका आठवड्यात पाणी, पोषण, हवामान आणि 'सुशासन' अशा चार बैठका, चारही ठिकाणी तोच पाणी अधिकारी. तो पंप बघायला जाणार कधी? मी त्याच्यावर चिडलो होतो. मग त्याचा पगार कळला. चार बैठकांचा भत्ता महिन्याच्या पगाराच्या अर्ध्याला पोचत होता. त्याच्या जागी मी असतो तर पाचवीही शोधली असती.

प्रश्न : तिथल्या बायका पाणी कसं भरतात, जेवण काय करतात? तुमच्या लेखात माणसं कमी आणि पंप जास्त होते. (एक वाचिका, रत्नागिरी)

तक्रार मान्य.

पाणी वीस लिटरच्या बादलीत, डोक्यावर. आपल्यासारखीच कापडाची चुंबळ. पाठीला पोर, चिटेंजेच्या दोन वारी कापडात बांधलेलं. बादलीतलं पाणी हिंदकळू नये म्हणून वर झाडाची डहाळी किंवा ताटली तरंगत ठेवतात. ही युक्ती आमच्या आजीचीही होती, तिच्या घागरीवर पळसाचं पान असायचं.

जेवण म्हणजे न्सिमा. मक्याचं पांढरंशुभ्र पीठ उकळत्या पाण्यात घोटून घट्ट गोळा करायचा. आपली उकड आणि भाकरी यांच्या मधलं काहीतरी, पण मिठाशिवाय. हातानं गोळी करून तोंडी लावण्यात बुडवायची. तोंडी लावणं म्हणजे 'न्दिवो'. भोपळ्याचा पाला, घेवडा, किंवा उसिपा, म्हणजे सरोवरातली बोटाएवढी वाळवलेली मासळी. तुम्ही रत्नागिरीच्या, तुम्हाला सांगायला नको : सुकटीचा वास आणि उसिपाचा वास यांत फरक करायला मला दोन वर्षं लागली. मी घाटावरचा, आधी दोन्हीला नाक धरायचो. आता दोन्हींची आठवण येते.

पोट भरलं का असं विचारलं तर बायका हसून सांगायच्या, न्सिमा खाल्ला नाही म्हणजे जेवलेच नाही. भात, बटाटा, ब्रेड कितीही खा. मला लगेच ज्वारीची भाकरी आठवायची.

तिथे मराठी घरं हाताच्या बोटांवर. भारतीय म्हणजे मुख्यतः गुजराती दुकानदार, पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले. आम्हा सगळ्यांना 'आम्वेन्ये' म्हणतात. गोऱ्यांना 'आझुंगू'. मी एजन्सीच्या गाडीतून उतरलो की पोरं 'आझुंगू' ओरडायची. माझा रंग पाहूनही. गाडीचाच रंग धरत असावीत.

प्रश्न : हातपंप बंद का पडतात? आमच्याकडेही गावात तीन आहेत, चालतो एकच. (एक निवृत्त ग्रामसेवक, जालना)

तुमच्या प्रश्नासाठीच मी हे सगळं लिहायला बसलो.

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला आफ्रिकेत कुठल्याही दिवशी मोजा, साधारण तीनातला एक हातपंप बंद सापडेल. वीस देशांची आकडेवारी एकत्र करून २००९च्या सुमारास असा अंदाज मांडला गेला होता, आणि माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं त्याच्याशी जुळतं. कारण विचाराल तर एजन्सीच्या अहवालात लिहिलेलं असतं : 'समुदायात आपलेपणाचा अभाव.' हे वाक्य मी स्वतः दोनदा लिहिलंय. आता एका गावचं सांगतो, गावाचं नाव राहू द्या, जिल्हा बलाका.

पंप सात महिने बंद. बायका दांबोत, म्हणजे पाणथळ सखल जागेत, खड्डा करून गढूळ पाणी भरत होत्या. मी तावातावानं गेलो. समिती बोलावली. समितीच्या खजिनदार एक म्हातारी, तिला सगळे गोगो म्हणायचे, म्हणजे आजी. तिनं आत जाऊन साखरेच्या पिशवीत गुंडाळलेले पैसे आणले आणि माझ्यासमोर मोजले. दर घरटी वर्गणी, पाच महिन्यांची, एकही नोट कमी नाही. मी म्हटलं, मग दुरुस्त का केला नाही? ती म्हणाली, सील मिळत नाही.

पिस्टनला जे रबरी यू-सील लागतं, आपल्या वायसरचा भाऊ, ते वर्ष-दीड वर्षात झिजतं. किंमत बघाल तर एका कोंबडीएवढीही नाही. गोगोचा मुलगा सायकलवर तालुक्याच्या बाजारात दोनदा जाऊन आला होता, येऊन-जाऊन ६० किलोमीटर. दुकानदारानं सांगितलं, आम्ही सुटे भाग ठेवणं बंद केलं.

मी दुकानदाराकडे गेलो. तो म्हणाला, साहेब, दोन वर्षांपूर्वी एक संस्था आली, तिनं सगळ्या गावांना सुटे भाग फुकट वाटले. माझा माल पडून राहिला, रबर सुकून गेलं, मी फेकून दिला. मग संस्थेचा प्रकल्प संपला, ती गेली. आता तुम्ही आलात. तुम्ही विकणार की वाटणार ते आधी सांगा, म्हणजे मी मागवायचं की नाही ते ठरवतो.

माझ्या गाडीत त्या क्षणी सीलचं खोकं होतं. वाटायला आणलेलं.

याहून वाईट पुढे आहे. त्या बंद पंपापासून दोनशे पावलांवर त्याच वर्षी दुसऱ्या एका संस्थेनं नवा बोअर मारला. चौथरा, पाटी, पाटीवर देणगीदाराचा शिक्का, फीत कापायला पाहुणे. जुना पंप दुरुस्त केला तर अहवालात कुठल्याच रकान्यात बसत नाही. नवा पंप म्हणजे 'आणखी २५० लोकांना शुद्ध पाणी'. मलावीत एका हातपंपामागे २५० माणसं धरतात. त्याच २५० माणसांना त्या गावात तीनदा शुद्ध पाणी मिळालंय, कागदावर.

दुसऱ्यांना नावं ठेवून झाली, आता स्वतःचं सांगतो. आमच्या प्रकल्पाचं वर्ष मार्चला संपायचं. ग्रामसेवक साहेब, मार्चअखेर म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगावं? निधी उरला होता. मी २००७च्या जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत २२ बोअर मारले. ते महिने तिकडे भर पावसाचे. मशीन चिखलात रुतायचं, ट्रॅक्टरनं ओढून काढायचो. पाणी मात्र झटपट लागायचं, कारण जमीन भरलेली. सोलापुरात उमेदवारी केलेल्या पोरालाही कळतं की बोअर ऐन उन्हाळ्यात मारावा, पाणी सगळ्यात खाली गेलेलं असतं तेव्हा. तिकडे तो काळ सप्टेंबर-ऑक्टोबरचा. मला कळत होतं. तरी मारले. मार्चअखेरचा अहवाल झकास झाला, वरून शाबासकीचं पत्र आलं. ऑक्टोबरात त्यातले ७ कोरडे पडले.

त्यातल्या एका गावचा म्फुमू, म्हणजे मुखिया, मला कोरड्या पंपापाशी घेऊन गेला. दांडा वर-खाली केला. खरखर आवाज. काही बोलला नाही, नुसता दांडा मारत राहिला. मग म्हणाला, 'झिकोमो.' धन्यवाद. तो टोमणा होता की शिष्टाचार, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर मी दोन गोष्टींसाठी भांडलो. फुकट वाटप बंद, दुकानदाराला माल घाऊक भावात मिळवून द्यायचा. आणि पावसात बोअर मारायचा नाही. पहिली मान्य झाली, पुढच्या प्रकल्पात ती मोडीत निघाली. दुसरी वर्षभर चालली. मग नवे साहेब आले.

तुमच्या गावचे दोन बंद हापसे : आधी दांडा दहा-बारा वेळा मारून बघा. दांडा हलका लागत असेल तर रॉड तुटलाय किंवा साखळी सुटलीय. पाणी उशिरा येत असेल तर बहुधा वायसर गेलाय. दुरुस्तीचा अर्ज द्या, नव्या बोअरचा देऊ नका. नवा लगेच मंजूर होईल, म्हणूनच सांगतो.

प्रश्न : एखादी तरी गोष्ट एजन्सींनी चांगली केली असेल ना? (एक डॉक्टर, कोल्हापूर)

डॉक्टर, तुमच्याच क्षेत्रातली सांगतो.

२००३ला मी गेलो तेव्हा ब्लँटायरच्या रस्त्याकडेला शवपेट्यांची दुकानं होती. सुतार फुटपाथवर पेट्या ठोकत बसलेले, लहान मुलांच्या पेट्या पुढे मांडलेल्या. आमच्या २६ जणांच्या पथकातले ५ जण पहिल्या तीन वर्षांत गेले. एड्सचं नाव कुणी घ्यायचं नाही, 'खूप दिवस आजारी होता' एवढंच. आठवड्यातून एकदा तरी 'मालिरो', म्हणजे मयत, आणि त्या दिवशी काम बंद.

२००४ला जागतिक निधीच्या (एड्स, क्षय आणि मलेरियाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय निधीच्या) पैशातून सरकारनं एड्सची औषधं मोफत द्यायला सुरुवात केली. नर्सला, मेडिकल असिस्टंटला गोळ्या द्यायची मुभा दिली, कारण डॉक्टर होतेच किती! आणि २०११ला मलावीनं जे केलं ते त्याआधी कुणी केलं नव्हतं. तेव्हा जगाचा नियम असा, की एचआयव्ही असलेल्या गर्भवती बाईच्या रक्तातल्या सीडी-फोर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या, पेशी मोजायच्या आणि आकड्यावरून आयुष्यभराची औषधं द्यायची की नाही ते ठरवायचं. मलावीच्या आरोग्य खात्यातले लोक म्हणाले, पेशी मोजायचं यंत्र आमच्या खेड्यातल्या दवाखान्यात नाही, आणि ते येण्याची वाट पाहत बाई थांबणार नाही. एचआयव्ही सापडला की त्याच दिवसापासून गोळी, आयुष्यभर. याला 'ऑप्शन बी प्लस' नाव पडलं. २०१३ला जागतिक आरोग्य संघटनेनं तेच आपल्या मार्गदर्शनात घेतलं. पैसा बाहेरचा होता, डोकं तिथलं होतं.

२०००च्या सुमारास देशाचं सरासरी आयुर्मान पंचेचाळीसच्या आसपास होतं, आता ते साठीच्या पुढे आहे. मी २०१४ला निघालो तेव्हा ब्लँटायरच्या त्याच रस्त्यावर एक सुतार पलंग आणि सोफे बनवत होता.

प्रश्न : अमेरिकेनं मदत बंद केली. आता तिथे काय चाललंय? (एक वाचक, लातूर)

२०२५च्या जानेवारीत आदेश निघाला आणि जुलैत यूएसएड, म्हणजे अमेरिकी सरकारची परदेशी मदतीची संस्था, अधिकृतपणे बंद झाली. मी आता सोलापुरात, मला कळतं ते फोनवरून. माझा जुना मेकॅनिक सांगतो, गाड्या कमी झाल्या, भाड्याची घरं रिकामी झाली, आणि ज्यांना त्या प्रकल्पांतून पगार होता ते दवाखान्यातले पोरं-पोरी घरी बसलेत. औषधाबद्दल विचारलं की तो विषय बदलतो. पंपाबद्दल विचारलं तर म्हणतो, पंपाला अमेरिका कधीच ठाऊक नव्हती, त्याला सील पाहिजे.

प्रश्न : मी सिव्हिल इंजिनिअर आहे, वय २६. अशा देशात जाऊन काम करायचंय. काय तयारी करू? (एक वाचिका, पुणे)

जा. तयारी फार नाही.

आधी महिनाभर इथल्याच एखाद्या पंप दुरुस्ती पथकाबरोबर फीर, स्वतःच्या हातानं रॉड ओढ. तिथे तुझ्याभोवती लॅपटॉपवाले पुष्कळ असतील, पाना धरणारी तू एकटी असशील, आणि गावातल्या बायका तुझ्याशी आधी बोलतील. तिथली भाषा शीक. चिचेवात रामराम केल्याशिवाय कामाचं बोलायचं नसतं. 'मुली ब्वान्जी?' म्हणजे कसे आहात. उत्तर ऐकून घ्यायचं, मग त्यांनी विचारलं की आपण सांगायचं, मग पाणी. हापशाला ते 'म्जिगो' म्हणतात.

कंत्राटावर सही करायच्या आधी एक विचार : प्रकल्प संपल्यावर सील कोण विकणार? उत्तरादाखल तुला एक आकृती दाखवतील, बाणांची. तरी जा. पण बोअर मारायचे महिने कोणते, हे लेखी घे.

आणि बॅगेत चार यू-सील टाक. मी सुट्टीवरून परत जाताना नेहमी न्यायचो. एकदा लिलाँग्वेच्या विमानतळावर कस्टमच्या माणसानं माझी बॅग उघडली. लोणच्याची बरणी बाजूला ठेवली, चिवडा हुंगला, आणि सीलची पुडी उचलून म्हणाला, हे काय? मी म्हटलं, म्जिगोचं रबर. त्यानं एक सील बाहेर काढलं, बोटावर चढवून फिरवून पाहिलं, आणि आवाज खाली आणून विचारलं, 'हे अफ्रिदेवचंच ना? केवढ्याला द्याल?'